नवस तुमचा, करार त्याचा

प्रश्न:
सलाम. मी मोहननगरात राहते, वय 54, नोकरी नर्सची. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याला मेंदूज्वर झाला होता. आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून त्या रात्री मी देवाला म्हटलं, "याला उठवून दे, मी हा तुला वाहते, हा पाळक होईल." मुलगा बरा झाला. मी मंडळीत साक्ष दिली, तेव्हापासून सगळे त्याला 'वाहिलेला' म्हणतात. आता तो 24 वर्षांचा आहे. मिहानमध्ये विमानांच्या देखभालीचं काम करतो आणि सेमिनरीला, म्हणजे पाळकांच्या प्रशिक्षणाला, जाणार नाही असं त्याने स्पष्ट सांगितलंय. विषय निघाला की ताटावरून उठतो. उपासनेलाही येणं बंद केलंय. गेल्या वर्षी यजमानांची अँजिओप्लास्टी झाली, मग मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. आमच्या प्रार्थनागटाचे भाऊ म्हणतात, "तुम्ही देवाशी केलेला करार मोडला. बायबलमधलं अनुवाद 28 वाचा. घरात शाप शिरलाय." त्याबद्दल दोन महिन्यांचा पगार पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्पण करायला सांगितलंय. नणंद म्हणते, "देवाले दिलेल्या पोराले काहून धरून ठेवलं?" करार म्हणजे नेमकं काय? मी तो मोडला का? देव वसूल करून राहिला आहे का?
— एक आई, नागपूर

उत्तर:
ताई, सलाम.

शुक्रवार जवळ आहे म्हणून पैशाचं आधी सांगते. तो पगार देऊ नका. अर्धाही नको, 'सध्या थोडे घ्या' असंही नको. शापाची भीती घालून मागितलेल्या पैशाला अर्पण म्हणत नाहीत. पौलाने करिंथकरांना लिहिलंय की ज्याने त्याने आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनाने किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. भाऊंना शास्त्रच हवं असेल तर 2 करिंथकरांस 9:7 दाखवा आणि विषय तिथेच थांबवा.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येते. पत्रात तुम्ही आणि भाऊ दोघांनीही करार हा शब्द प्लॉटच्या इसारपत्रासारखा वापरला आहे. बेसा-मनीषनगरकडे प्लॉट घेतलेल्या कुणालाही ते माहीत असतं: इसार दिला, मुदतीत बाकीची रक्कम भरली नाही, सौदा रद्द, इसार बुडाला. तुमच्या मनातला देव असाच समोर बसलेला आहे. मुलाला बरं करून त्याने इसार दिला, तुम्ही उरलेली रक्कम, म्हणजे पाळक झालेला मुलगा, दिली नाही, म्हणून तो आता एकेक वस्तू उचलून नेतोय. आधी यजमानांचं हृदय, मग मुलीचं लग्न. अठरा वर्षं तुम्ही या हिशोबाखाली जगत आलात, हे वाचून मला खरंच वाईट वाटलं.

बायबलमधला करार असा असता तर अब्राहामाचाच सौदा पहिल्या वर्षात फिसकटला असता. उत्पत्तीचा 15वा अध्याय आज रात्री शांतपणे वाचा. आपण तो रविवार-शाळेत ताऱ्यांपर्यंत ऐकतो, 'आकाशातले तारे मोज, तुझी संतती तशी होईल' इथपर्यंत, आणि पुढचा रक्तामांसाचा भाग मुलांना नको म्हणून शिक्षक पान उलटतात. मोठं झाल्यावरही आपण तो वाचत नाही. खरा मजकूर तिथेच आहे.

अब्राम (हेच अब्राहामाचं आधीचं नाव) विचारतो, हे वतन मला मिळेल हे मी कशावरून समजू? विश्वासणाऱ्यांचा बाप म्हणवला जाणारा माणूस पुरावा मागतोय, आणि देव रागावत नाही. तो म्हणतो, तीन वर्षांची कालवड आण, तीन वर्षांची शेळी, तीन वर्षांचा एडका, एक होला आणि पारव्याचं पिल्लू. अब्राम ते आणतो. जनावरं मधोमध चिरतो, अर्धा भाग इकडे, अर्धा त्याच्यासमोर तिकडे. पक्षी चिरत नाही. मधून वाट राहते. मग वाट पाहणं सुरू होतं. त्या उघड्या मांसावर गिधाडं उतरू लागतात आणि म्हातारा त्यांना हाकलत बसतो. संध्याकाळ होते, त्याला गाढ झोप लागते, भयाण काळोख त्याच्यावर येतो. सूर्य मावळल्यावर त्या तुकड्यांमधल्या वाटेने धुमसती भट्टी आणि जळती मशाल निघून जाते.

बस, एवढंच. तो विधी त्या काळच्या लोकांना चांगला कळत होता. यिर्मयाच्या 34व्या अध्यायात तो पुन्हा दिसतो. सिद्कीया राजाच्या काळात यरुशलेमच्या लोकांनी दासांना मुक्त करायचा करार केला, वासरू चिरून त्याच्या दोन भागांमधून चालत गेले, आणि नंतर त्याच दासांना पुन्हा राबायला धरून आणलं. तेव्हा देव म्हणतो, तुमचं त्या वासरासारखं होईल. म्हणजे त्या वाटेने चालणारा स्वतःच्या जिवावर शपथ घेत असे: मी शब्द मोडला तर माझे असे दोन तुकडे होवोत. दोघांनी करार केला तर दोघांनी त्यातून जायचं. अब्रामाच्या वेळी मात्र फक्त आग आणि धूर, म्हणजे देवाची खूण, त्या वाटेने गेले. अब्राम झोपलेला होता. त्याने 'मी पण येतो' म्हटलं नाही, त्याला कुणी बोलावलंही नाही. त्या रात्री शपथ घेतली ती देवाने एकट्याने.

आणि पुढच्याच अध्यायात काय आहे? सारा आणि अब्राम धीर सोडतात, आणि दासी हागार हिच्याकडून मूल मिळवायची सोय स्वतःच करतात. हागारेचे हाल होतात, ती रानात पळते. (त्या रानात देव तिलाही भेटतो. हे आपल्या प्रवचनांतून फार कमी ऐकू येतं.) भाऊंच्या हिशोबाने हा सरळ करारभंग. पण 17व्या अध्यायात देव त्याच माणसाकडे परत येतो, त्याचं नाव बदलतो, आणि घरातल्या आठ दिवसांच्या बाळापर्यंत सगळ्या पुरुषांच्या अंगावर कराराची खूण ठेवायला सांगतो. त्या बाळाला तेव्हा काय कळत होतं?

नोहाच्या वेळचा करार तर पशुपक्ष्यांशीसुद्धा आहे, आणि इंद्रधनुष्य पाहून आठवण ठेवणार आहे तो देव. दाविदाला देवासाठी घर बांधायचं होतं, देव म्हणाला, घर मी तुझं बांधीन. तोच सूर आहे, म्हणून त्यावर थांबत नाही.

भाऊ जे वचन दाखवतात ते सीनाय पर्वतावरच्या कराराचं आहे, आणि तिथे अटी आहेत हे मी नाकारत नाही. निर्गम 24मध्ये मोशे अर्धं रक्त वेदीवर टाकतो, अर्धं लोकांवर शिंपडतो, आणि लोक एका आवाजात म्हणतात, परमेश्वराने सांगितलेलं सर्व आम्ही करू. मग मोशे 40 दिवस डोंगरावर जातो आणि खाली सोन्याचं वासरू ओतून तयार. आज्ञांच्या दगडी पाट्या फुटतात. तरी 34व्या अध्यायात पाट्या पुन्हा लिहिल्या जातात, आणि 'दयाळू, कृपाळू, मंदक्रोध' हे शब्द देव स्वतःविषयी तिथेच उच्चारतो, वासराच्या प्रकरणानंतर.

अनुवाद 28, त्यातल्या शापांच्या यादीसकट, या करारातलं आहे. पूर्ण वाचलं तर त्यातला 'तू' कोण ते कळतं. त्याला राजा आहे, सैन्य आहे, शेतं, पाऊस, शत्रू, देशोधडीला लागणं आहे. तो 'तू' म्हणजे वचनदत्त देशात शिरायला उभं असलेलं एक अख्खं राष्ट्र. मोहननगरातल्या एका घरातली अँजिओप्लास्टी त्या यादीत घुसवायची तर मजकूर पिळावा लागतो. शिवाय भाऊंनी 30वा अध्याय का नाही वाचायला सांगितला? तिथे शापानंतर देव विखुरलेल्यांना पुन्हा गोळा करतो. आणि आपण तर गलतीकरांचं पत्र हातात असलेले लोक. पौल म्हणतो, अब्राहामाला दिलेलं वचन आधीचं, नियमशास्त्र 430 वर्षांनी आलं, ते आधीचा करार रद्द करू शकत नाही. त्याच अध्यायात, चारच ओळी आधी, ख्रिस्ताने आपल्याला नियमशास्त्राच्या शापातून सोडवलं असं स्वच्छ लिहिलंय. ज्यांना बाप्तिस्मा झालाय त्यांच्या घरात शाप मोजत फिरायचं, तर हे पत्र फाडून टाकावं लागेल.

नव्या कराराबद्दल एक गोष्ट दाखवते, ती तुम्ही दर महिन्याला प्रभुभोजनात ऐकता पण बहुधा थांबून पाहिली नसेल. लूक 22:20. भोजनानंतर प्याला घेऊन येशू म्हणतो, हा प्याला माझ्या रक्तात नवा करार आहे. पुढची ओळ काय आहे? 'पाहा, मला धरून देणाऱ्याचा हात माझ्याबरोबर मेजावर आहे.' लगेच पुढची. त्यानंतर तीन ओळींत शिष्यांचं भांडण, आमच्यात मोठा कोण. आणखी थोडं खाली, कोंबडा आरवायच्या आत पेत्र नाकारणार हे येशू त्याला तोंडावर सांगतो. हा करार ज्यांच्याबरोबर झाला त्यांतल्या एकानेही ती रात्र धड काढली नाही, आणि प्याला देणाऱ्याला ते देतानाच ठाऊक होतं. यिर्मयाने सहाशे वर्षं आधी या नव्या कराराबद्दल लिहिलं तेव्हा त्याचा शेवट असा होता: मी त्यांच्या अधर्माची क्षमा करीन, त्यांचं पाप यापुढे स्मरणार नाही. ताई, जो म्हणतो मी आठवणारच नाही, तो अठरा वर्षांनी वसुलीला कसा येईल?

तर तुम्ही करार मोडला का? नाही. तुम्ही ज्याला करार म्हणता तो करारच नव्हता. तो नवस होता.

नवस आपल्या घरांत मुरलेला आहे. आपले पणजोबा-खापरपणजोबा ख्रिस्ती झाले तेव्हा देव बदलला, पण देवाशी बोलायची ही पद्धत सोबत आली. आपल्या गल्लीतली कुणी कोराडीला ओटी भरायला जाते, कुणी ताजबागेत चादर चढवते, आणि आपण त्यांच्याकडे पाहून 'आपल्यात असं नसतं' म्हणतो. मग आयसीयूच्या बाहेर आपणही तेच बोलतो. मी दोष देत नाही. त्या बाकावर बसलेल्या आईला दुसरं काय सुचणार? बायबलमधली माणसंही नवस करतात. याकोब तर देवाशी चक्क घासाघीस करतो: भाकर दिलीस, वस्त्र दिलंस, सुखरूप परत आणलंस, तर तू माझा देव.

तुमच्यासाठी महत्त्वाच्या तीन जागा आहेत. पहिली इफ्ताहाची, शास्ते 11. लढाईला निघण्याआधीच देवाचा आत्मा त्याच्यावर आला होता. विजय येणारच होता. तरी त्याने नवस केला, घराच्या दारातून जे पहिलं बाहेर येईल ते वाहीन, आणि डफ वाजवत एकुलती एक मुलगी बाहेर आली. त्याने तो नवस फेडला. बायबल त्याची स्तुती करत नाही, नुसतं सांगतं, आणि इस्राएलाच्या मुली दर वर्षी चार दिवस तिच्यासाठी शोक करत असत हेही सांगतं. स्वतःचा शब्द पाळायला दुसऱ्याचा जीव वापरला की काय होतं ते तिथे उघड आहे.

दुसरी जागा लेवीयचा शेवटचा, 27वा अध्याय. हा कुणी वाचत नाही, कारण त्यात नुसते आकडे आहेत. पण ते आकडे तुमच्यासाठीच आहेत. कुणी माणूस परमेश्वराला वाहण्याचा नवस केला असेल तर त्याचं मोल ठरवून त्याला सोडवता येत असे. वीस ते साठ वर्षांच्या पुरुषाचे 50 शेकेल (चांदीचं वजन), पाच ते वीस वर्षांच्या मुलाचे 20, अगदी लहान मुलाचे 5. (बायकांचे आकडे कमी आहेत आणि ते मला दर वेळी खटकतं, पण तो वाद आज नको.) आणि त्यातली आठवी ओळ: नवस करणारा एवढं देऊ शकत नसेल तर त्याला जमेल तेवढंच याजकाने ठरवावं. यावरून दिसतं काय? माणसं भावनेच्या भरात माणसंच वाहून मोकळी होतात, हे तेव्हाही इतकं नेहमीचं होतं की नियमशास्त्रातच सुटकेची वाट करून ठेवली आहे. सर्वांत कडक म्हणून ज्या पुस्तकाचं नाव निघतं, तेसुद्धा वाहिलेल्या पोराला जन्मभर गहाण ठेवत नाही.

आता भाऊ म्हणतील, बघा, पैसे द्यायचेच आहेत ना! ते पैसे पवित्रस्थानाला जात आणि त्याने माणूस मोकळा होत असे. शाप काढण्याची ती फी नव्हती. आणि आपल्यासाठी ती वेदी, ते याजक, ते शेकेल सगळं ख्रिस्तात पूर्ण झालं, इब्रीकरांचं पत्र दुसरं काय सांगतं?

तिसरी जागा तुम्हाला पाठ असणार: 1 शमुवेलमधली हन्ना, मुलगा दिलास तर तो तुलाच वाहीन म्हणणारी. तुम्ही नवस केला तो तिच्यावरूनच. पण पुढे वाचा. हन्नाने शमुवेलाला मंदिरात आणून सोडलं, दर वर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत राहिली, सगळं खरं. तरी 3ऱ्या अध्यायात रात्री देव शमुवेलाला त्याच्या नावाने हाक मारतो. पोरगा तीनदा उठून एलीकडे धावतो, कारण त्याला परमेश्वराची अजून ओळख नव्हती असं तिथे लिहिलंय. आईने वाहिलेला, मंदिरात वाढलेला, रोज दिव्याजवळ झोपणारा, आणि ओळख नाही. चौथ्या हाकेला तो स्वतः म्हणतो, बोल, तुझा दास ऐकत आहे. आईच्या शब्दावर देवाने त्याला परस्पर कामाला लावलं नाही. आणि याच शमुवेलाची मुलं पुढे बापाच्या वाटेने चालली नाहीत, तेही 8व्या अध्यायात नोंदलेलं आहे.

हे नागपूरकरांना तरी वेगळं सांगायला नको. नारायण वामन टिळकांना नवा करार हाती आला तो नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या गाडीत, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. 1895मध्ये मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई लगेच मागे गेल्या नाहीत. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली झाला, स्वतःला पटल्यावर. नवऱ्याचा विश्वास बायकोला चिकटला नाही, मग आईचा नवस मुलाला कसा चिकटेल?

नवसाला काहीच अर्थ नाही असं मात्र मी म्हणणार नाही. उपदेशक 5 सांगतो, देवाला नवस केलास तर फेडायला उशीर करू नकोस, फेडायचा नसेल तर न केलेला बरा. त्यामुळे 'त्या वेळी बोलून गेले, जाऊ दे' एवढ्यावर तुमचं मन शांत होणार नाही, आणि व्हायलाही नको. त्या नवसात तुमचं स्वतःचं जेवढं होतं तेवढं तुम्ही द्या. मुलगा तुमचा नव्हता, तो वगळा. कृतज्ञता तुमची होती. आधी तुमच्या पाळकांकडे जा, प्रार्थनागटाच्या भाऊंकडे नको. पाळकसाहेबांसमोर हा नवस मोठ्याने सांगा आणि मुलाला त्यातून मोकळं केल्याची प्रार्थना त्यांना करायला सांगा. मग काय द्यायचं ते तुम्ही ठरवा. मला विचाराल तर पैशापेक्षा ती रात्र आठवा. तुमच्या रुग्णालयातही आयसीयूबाहेर बाक असेलच, आणि त्यावर गोंदिया-गडचिरोलीकडून आलेली, कुणी ओळखीचं नसलेली एखादी आई रोज बसलेली असेल. ड्युटी संपल्यावर महिन्यातून काही संध्याकाळी तिच्याजवळ बसणं, डॉक्टर काय म्हणाले ते तिला तिच्या भाषेत समजावून सांगणं, चहा आणून देणं. हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं करू शकाल. हा दंड नाही, जमेल तोवर करा.

आणि देवापुढे पुन्हा शब्द द्यावासा वाटला तर 'अमुक कर, मग तमुक देते' या रीतीने देऊ नका. मेथडिस्ट परंपरेत 1755पासून जॉन वेस्लीने सुरू केलेली कराराची उपासना आहे, बहुतेक ठिकाणी नव्या वर्षाच्या सुरुवातीला होते. तिच्यातल्या प्रार्थनेचा आशय असा: मी आता माझी नाही, तुझी आहे, हवं तर कामाला लाव, हवं तर बाजूला ठेव, हवं तर भरून टाक, हवं तर रिकामी ठेव. यात मुलाचं नाव कुठेच येत नाही, आणि देवाला घातलेली अटही नाही.

यजमानांच्या आजाराबद्दल तुम्हाला मी काय सांगू? वॉर्डात असल्या केसेस रोज बघता. शुगर, बीपी, तंबाखू, घराण्यातला हृदयविकार हे सगळं तुम्ही दुसऱ्यांच्या नातेवाइकांना समजावता, आणि स्वतःच्या घरी आल्यावर कारण म्हणून शाप धरता. येशूला शिष्यांनी हाच प्रश्न विचारला होता, हा आंधळा जन्मला तो कुणाच्या पापामुळे, याच्या की आईबापांच्या? तो म्हणाला, याच्याही नाही, आईबापांच्याही नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली, ती इतरांपेक्षा जास्त पापी होती असं वाटतं का, असं त्याने उलट विचारलं आणि स्वतःच 'नाही' म्हणाला. यजमानांच्या गोळ्या आणि तपासण्या चुकवू नका. झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल तर तुमच्याही तपासण्या करून घ्या.

मुलाकडे येते. त्याला लहानपणी बाप्तिस्मा दिला असेल, पुढे कन्फर्मेशनही (मोठेपणी विश्वासाची कबुली) झालं असेल, तर तो कराराच्या बाहेर पडलेला नाही. याच नागपुरात, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये 29 नोव्हेंबर 1970ला सहा मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी समजून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही मान्य केले गेले. बाप्तिस्मा कधी घ्यावा यावर मतं वेगळी होती, पण करारात पहिलं पाऊल देवाचं यावर भांडण नव्हतं. त्याच्यासाठी सेमिनरी हा प्रवेशाचा दरवाजा नाही.

आणि विमानांच्या देखभालीला हलकं समजू नका. निर्गम 31मध्ये देव एका माणसाचं नाव घेऊन म्हणतो, मी त्याला माझ्या आत्म्याने परिपूर्ण केलं आहे. तो बसालेल. याजक नाही, संदेष्टा नाही. सोनं, रुपं, पितळ, लाकूड, पैलू पाडायचे दगड, हे त्याचं काम. तुमचा मुलगा एखादा बोल्ट नीट आवळला आहे की नाही ते तपासतो तेव्हा वर दीडशे-दोनशे माणसांचा जीव त्याच्या हातात असतो. यात त्याला पाचारण दिसेल की नाही, ते त्याचं तो बघेल. तुम्ही त्याला त्यावर प्रवचन देऊ नका.

त्याच्याशी बोलाल तेव्हा जेवताना विषय काढू नका, ती जागा आता बिघडलेली आहे. फुटाळ्याला चक्कर मारा, किंवा त्याच्या गाडीवर मागे बसून कुठे जायचं असेल तेव्हा थांबून बोला. थोडंच बोला: "तू आजारी असताना मी घाबरून तुझं आयुष्य देवाला देऊन टाकलं. ते द्यायचा हक्क मला नव्हता. तू मोकळा आहेस." रडू आलं तरी चालेल. त्या दिवशी 'आता रविवारी येशील ना' असं मात्र विचारू नका. त्याला ऐकू आलं पाहिजे की मोकळं करण्यात कुठलीही अट लपलेली नाही. मंडळीत ज्या व्यासपीठावरून तुम्ही साक्ष दिली होती, तिथूनच, पाळकांना विचारून, त्याला मोकळं केल्याचं सांगता आलं तर उत्तम, कारण 'वाहिलेला' हे नाव लोकांनी लावलंय आणि ते लोकांसमोरच निघेल. पण आधी त्याला विचारा. नको म्हणाला तर नको.

नणंदबाईंना उत्तर द्यायचंच असेल तर द्या: "ताई, पोराले मी धरून नव्हतं ठेवलं, नवसानं ठेवलं होतं. आता सोडलं." त्या गप्प बसतील असं नाही. नणंदा बसत नाहीत. भाऊंच्या गटात पुन्हा पैशाचा किंवा शापाचा विषय निघाला तर उठून या आणि पाळकांना कळवा. तुमच्यासारख्या आणखी किती घरांत अनुवाद 28 पोचलंय ते त्यांना कळायला हवं.

एक राहिलं. मुलीच्या मोडलेल्या लग्नावर तुम्ही अर्धी ओळ लिहिली, तीही शापाचा पुरावा म्हणून. तिचं काय म्हणणं आहे? लग्न का मोडलं ते तिला माहीत असेल, कदाचित तिला बरंच वाटत असेल, कदाचित ती आतून पार खचली असेल. भावाच्या सेमिनरीपायी आपलं लग्न मोडलं असं घरात बोललं गेलंय, ते तिच्या कानावर गेलं नसेल असं समजू नका. मुलाच्या आधी तिच्याशी बोला, आणि त्या बोलण्यात नवसाचा विषय आणू नका.